जिभेची डावी कड

सोफ्याचं काम करणाऱ्या माणसाला तिसरा हात असतो. तो तोंडात असतो.

उजव्या हातात हातोडी. डाव्या हातात ताणून धरलेलं कापड. ते क्षणभर सैल सोडलं तरी सुरकुती पडते. मग खिळा देणार कोण? म्हणून नखाएवढे बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे. जीभ त्यातला एक वेगळा काढते, फिरवते आणि टोपी पुढे करून ओठांत आणून ठेवते. हातोडीचं टोक लोहचुंबकाचं असतं. ते ओठांशी नेलं की खिळा टपकन चिकटतो, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाकडात शिरलेला असतो.

त्याला हे काम करायला लागून तीस वर्षं झाली होती. तोंडात सदा खिळे, त्यामुळे बोलणं ‘हूं’ आणि ‘अंहं’ एवढंच. शेजारी बसणाऱ्या सुताराने त्याचं नाव मौनीबुवा ठेवलं. पुढे सगळेच मौनी म्हणू लागले. बायको ‘अहो’ म्हणायची, पण उत्तर येईल अशी फार आशा तीही धरायची नाही.

ही विद्या त्याला मास्तरांनी दिली. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या तोंडात पाच खिळे ठेवले आणि संध्याकाळपर्यंत तसंच बसवून कापड कापून घेतलं. म्हणाले, “पाचाचे चार झाले तर उद्यापासून येऊ नकोस. येण्याच्या अवस्थेत असलास तर.”

मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली. जिभेला लहानशी जखम झाली होती. आधी शब्द बोबडे झाले, मग पाटी आली. शेवटचे दोन महिने मौनी रोज जाऊन बसायचा. मास्तर पाटीवर लिहायचे, तो वाचायचा, ते पुसायचे. शेवटी शेवटी एकच शब्द लिहायचे. पाणी. ते पाणीही उतरायचं नाही.

त्यांची जखम जिभेच्या डाव्या कडेला होती.

म्हणून स्वतःच्या जिभेच्या डाव्या कडेला काहीतरी झोंबतंय हे कळलं, तेव्हा मौनीने आधी तारीख लक्षात ठेवली. नाट्यगृहाच्या बेचाळीस खुर्च्या दुरुस्तीला दुकानात उतरल्या, तो दिवस.

तसं तोंड येणं त्याला नवीन नव्हतं. वर्षातून एक-दोनदा यायचंच. ओठाच्या आत नाहीतर गालाला पांढरट ठिपका, भोवती लाल वर्तुळ. आठ-दहा दिवस तिखट बंद केलं की आपोआप जायचं. हेही जाईल, असं त्याने मनाला सांगितलं.

दहा दिवस झाले. गेलं नाही.

सुताराकडे एक जुनं कपाट दुरुस्तीला आलं होतं. त्याच्या दाराला माणसाएवढा आरसा. सुतार चहाला गेला की मौनी तोंडातले खिळे डबीत थुंकायचा आणि आरशापुढे उभा राहायचा. जीभ उजवीकडे खेचून धरायचा. डाळीच्या दाण्याएवढा खड्डा. तळ पिवळट, कडा लाल. काल एवढाच होता का? की थोडा मोठा झालाय? बघून बघून ते कळेनासं व्हायचं. मग तो पुन्हा बघायचा.

एकदा सुतार मधेच परतला.

“काय रे बुवा, कपाटाला वाकुल्या दाखवतोस? काय बिघडवलंय त्याने तुझं?”

मौनीने झटकन मूठभर खिळे तोंडात टाकले आणि हूं म्हटलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, लपवायला याहून चांगली सोय जगात नाही. तोंडात खिळे असले की कुणी काही विचारत नाही. बायको घरी मशीनवर गाद्यांचे अभ्रे शिवायची आणि दुपारी दुकानात आणून द्यायची. ती दाराशी दिसली की तो खिळे तोंडात टाकायचा. ती अभ्रे मांडायची, माप बघायची, त्याच्या तोंडाकडे बघायची आणि निघून जायची. घरी मात्र खिळे नव्हते. घरी ताट होतं.

“भाजी तशीच का?”

“भूक नाही.”

“आठ दिवस भूक नाही? माझ्या हातचं गोड लागेनासं झालं का? सांगा तरी. तीस वर्षांनी का होईना, कळू दे.”

तो दूधपोळी कालवून गिळायचा. बायको बोलायची नाही, पण मशीनचा आवाज मोठा व्हायचा.

खिळ्यांनीच हे झालं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तीस वर्षं डाव्या गालात लोखंड. मास्तरांच्याही डाव्याच गालात असायचं. मग त्याने खिळे उजवीकडे धरायला सुरुवात केली. पण जिभेला उजवीकडची वाट माहीत नव्हती. पंधराव्या दिवशी एक खिळा घसरला आणि घशाशी जाऊन थांबला. मौनीचे डोळे पांढरे झाले. सुताराने रंधा टाकला, धावत येऊन पाठीत दोन जबरदस्त बुक्के घातले. खिळा फरशीवर पडला. त्यामागून लाळ, आणि लाळेत रक्ताचा धागा.

“मरतोस की काय लेका! आणि हे रक्त कसलं?”

मग सांगावं लागलं. एवढंच सांगितलं, की तोंड आलंय आणि जात नाही.

“हात्तिच्या! तोंडच आलंय ना? मला वाटलं बाईबिई आली की काय आयुष्यात.” सुतार हसला. “दुखण्याची गोळी घे आणि तिथेच दाबून ठेव. गिळायची नाही. मी दाढदुखीला तेच करतो. जागच्या जागी मरतं दुखणं.”

मौनीने मान हलवली. गोळी घेतली नाही. दुखणं मरावं अशी त्याची इच्छा नव्हती, त्याला ते काय आहे हे जाणायचं होतं. आणि जाणायचंही नव्हतं. चौकाच्या कोपऱ्यावर दातांचा दवाखाना होता. तो रोज त्याच्यावरून जायचा. दवाखाना आला की रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर जायचा. जणू आतून कुणीतरी हाक मारील.

अठराव्या दिवशी मास्तरांच्या घरी जायचं काम निघालं. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, त्यांची आरामखुर्ची पट्ट्या बदलायला दिली होती. मौनी ती स्वतः खांद्यावर घेऊन गेला. काकूंनी खिडकीशी जागा दाखवली, हात फिरवून बघितला.

“त्यांच्यासारखंच ताणलंयस,” काकू म्हणाल्या. “बस. चहा टाकते.”

“चहा नको काकू.”

“का रे? तोंड उतरलंय तुझं.”

त्याने खुर्चीकडे बघत विचारलं, “काकू, मास्तरांचं ते... सुरुवातीला फार दुखायचं का हो?”

काकू खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“दुखलं असतं तर गेले असते ना दवाखान्यात. काहीच दुखत नव्हतं. जेवायचे, हसायचे, खिळे धरायचे. मी म्हणायची, दाखवा. ते म्हणायचे, अगं, दुखत नाही त्याला काय दाखवायचं? सात महिने काढले तसेच. दुखायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता फार झालं.”

मौनी जिना उतरला तो जवळजवळ पळतच. त्याचं दुखत होतं! बोललं की दुखत होतं, पाणी प्यालं की दुखत होतं, नुसती जीभ हलली तरी कळ कानापर्यंत जात होती. त्या रात्री जेवताना त्याने भाजीचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तो हसला.

बायको बघत राहिली. “तुम्हाला बरं नाहीये,” ती म्हणाली. “जिभेचं नाही म्हणत मी. डोक्याचं म्हणतेय.”

ती जीभ म्हणाली हे त्याच्या लक्षात आलंच नाही.

पण दुखण्यावर प्रेम किती दिवस करणार? विसाव्या दिवशी नाट्यगृहाचा माणूस येऊन बसला. परवा उद्घाटन, अजून चौदा खुर्च्या बाकी. मौनीला एक खिळा ओठांत आणायला दहा सेकंद लागत होते. प्रत्येक खिळ्यागणिक कळ. शेवटी त्याने सुताराकडे हात पसरला. सुताराने गोळी दिली. मौनीने ती जखमेवर ठेवली आणि वरून दाढ दाबून धरली. आधी आग झाली. मग हळूहळू सगळं बधिर झालं. त्या दिवशी पाच खुर्च्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या, सहा खुर्च्या. तिसऱ्या दिवशीही दोन. उरलेल्या तीन खुर्च्या दुपारच्या आत हातावेगळ्या झाल्या.

“बघ,” सुतार म्हणाला. “डॉक्टर झालो असतो मी. आईने ऐकलं नाही.”

दुपारी टेम्पो खुर्च्या घेऊन गेला. दुकान मोकळं झालं. मौनीने बाटली तोंडाला लावली, पाणी प्याला. काही झालं नाही. त्याने जिभेचं टोक डाव्या दाढेवर घासलं. काही झालं नाही. घोटभर गरम चहा घेतला.

दुखत नव्हतं.

एक क्षण बरं वाटलं. मग काकूंचा आवाज ऐकू आला. काहीच दुखत नव्हतं. जेवायचे, हसायचे.

 तो उठला, आरशापुढे गेला, जीभ ओढली. डाळीएवढा खड्डा दिसेनासा झाला होता. त्या जागी मोठा पांढरा चट्टा होता, साईसारखा, सुरकुतलेला, कडेने सोललेला. मास्तरांच्या जिभेवर पांढरंच होतं. त्याने बोटाने घासलं. साय थोडी निघाली, खाली लालभडक मांस दिसलं. बोटांतून जीभ सुटली आणि दात जिभेवर मिटले. तेव्हाही नीटसं दुखलं नाही.

सुतार काहीतरी विचारत होता. मौनी दुकानाबाहेर पडला. पायांत वहाणा आहेत की नाहीत हे त्याला घरी पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं.

बायको मशीनवर होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. बोलायला नाही, दाखवायला.

मशीन थांबलं. तिने खिडकीकडे त्याची मान फिरवली. बराच वेळ बघितलं. तिच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता.

“किती दिवस झाले?”

“बावीस.”

“आणि मला आज दाखवताय.”

“तुला कसं सांगू? तू घाबरली असतीस.”

“मी पंधरा दिवस घाबरतेच आहे! तुम्ही एका बाजूने चावता, जीभ जपून बोलता, झोपेत हुंकारता. मला वाटलं मास्तरांचं झालंय आणि मला सांगत नाही आहात.” तिने दोरा तोडला, सुई वर घेतली. “उठा.”

“आत्ता?”

“नाही, मुहूर्त काढते!”

दवाखान्यात सहा माणसं आधी होती. दातांची डॉक्टर त्याची मुलगी शोभेल एवढ्या वयाची निघाली. मौनीला खुर्चीत बसवल्यावर त्याने दोन्ही हातांनी हातांच्या टेकण्या धरल्या. टेकण्यांवर रेक्झिन होतं. कोपऱ्यात चार खिळे विरळ बसले होते. तो त्यांच्याकडेच बघत राहिला.

“तंबाखू? सुपारी? सिगरेट?”

“नाही.”

“दारू?”

“नाही हो. तोंडात फक्त खिळे.”

डॉक्टरने भुवया वर केल्या. बायकोने समजावून सांगितलं. डॉक्टरने दिवा खाली ओढला. कापसाच्या बोळ्याने जीभ पकडली, बाजूला घेतली. मग एक बोट आत घालून जखमेच्या कडा दाबल्या. खालून, वरून. मग गळ्याच्या दोन्ही बाजूंना चाचपलं.  मौनीला स्वतःच्या नाडीचा आवाज कानात येत होता.

“यावर काय लावलंत?”

“गोळी. दुखण्याची.”

“गिळली नाही? ठेवली?” तिने श्वास सोडला. “काका, ही गोळी पोटात जायला असते. कातडीवर ठेवली तर भाजते. हे पांढरं बरंचसं भाजलेलं आहे. बधिर झालंय ते जळल्यामुळे.”

“मग हे मास्तरांचं नाही?” मौनीने विचारलं.

“कोण मास्तर?”

बायको म्हणाली, “कॅन्सर नाही ना, असं विचारतायत. त्यांच्याने तो शब्द बोलवत नाही.”

डॉक्टरने दिवा सारखा करून पुन्हा एकदा आत बघितलं. मौनी तेवढ्यात तीनदा मेला.

“आज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही,” ती म्हणाली. “एक गोष्ट दाखवते. तुमचं बोट द्या.”

तिने त्याचं बोट त्याच्याच तोंडात नेलं, खालच्या डाव्या दाढेवर. आतल्या बाजूला. मौनी दचकला. दाढेचा कोपरा फुटलेल्या काचेसारखा होता.

“ही केव्हा तुटली?”

त्याला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाली, तोंडाने अजून काय करता? तो सांगू लागला, स्प्रिंगा बांधायच्या म्हणजे सुतळीचं एक टोक दोन्ही हातांनी ओढावं लागतं. दुसरं टोक... आणि तो थांबला. दुसरं टोक डाव्या दाढेत धरायचं. बेचाळीस खुर्च्या. पहिल्याच दिवशी काहीतरी कट्‌कन वाजलं होतं. त्याला वाटलं होतं लाकूड.

खिळे उजवीकडे नेऊन काय उपयोग होता? सुतळी डावीकडेच होती. आणि दाढ दिवसभर, प्रत्येक शब्दाला, प्रत्येक आवंढ्याला तीच जागा सोलत होती. गोळीही त्याने त्याच दाढेने दाबून धरली होती.

डॉक्टरने दाढ घासून गुळगुळीत केली. दोन मिनिटं लागली. मग तिने बायकोकडे बघून सांगितलं, जणू मौनीला ऐकू येत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. तिखट, आंबट, कडक, कढत बंद. मऊ ब्रश. जेवणाआधी हे मलम. तोंडात खिळे नाहीत, सुतळी नाही, आणि सुताराची औषधं अजिबात नाहीत.

“साधं तोंड येतं ते आठ-दहा दिवसांत जातं, फार तर दोन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवड्यांच्या पुढे तोंडात कुठलीही जखम राहिली, तर दाखवायची. दुखो, न दुखो. दुखण्यावरून काही ठरत नाही. चौदा दिवसांनी या. टोचणारं गेलंय, आता भरायला हवी. नाही भरली तर छोटा तुकडा काढून तपासू.”

तुकडा हा शब्द घेऊन ते दोघं घरी आले.

ते चौदा दिवस कसे गेले हे त्या दोघांनाच माहीत. घरातला आरसा बायकोने उलटा करून ठेवला. “मी बघणार,” ती म्हणाली, “सकाळी एकदा. तुम्ही नाही.” रोज सकाळी खिडकीशी ती त्याचं तोंड उघडून बघायची, आणि तो तिचा चेहरा बघायचा. चौथ्या दिवशी सगळं पांढरं गेलं आणि पुन्हा दुखायला लागलं. आठव्या दिवशी तिच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. अकराव्या दिवशी ती म्हणाली, “लहान झालंय.” मग लगेच, “असं मला वाटतं.” ते दुसरं वाक्य त्याला दिवसभर पुरलं.

चौदाव्या दिवशी डॉक्टरने पुन्हा बोट घालून दाबलं.

“जवळजवळ भरलंय. चांगलं आहे.” ती थांबली. पुन्हा दाबलं. “एक कोपरा राहिलाय. तिळाएवढा. मला जरा जाड लागतो. व्रण भरताना होतं असं. आणखी एक आठवडा थांबून बघू शकतो. किंवा आज तुकडा घेऊ. तुम्ही सांगा.”

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मौनीला पाटी दिसली. पुसलेली, ओली. त्याला घरी जायचं होतं. आणखी एक आठवडा काही माहीत नसताना जगायचं होतं. 

“आज,” तो म्हणाला.

इंजेक्शन टोचलं, जीभ परकी झाली. दोन टाके. तुकडा एका छोट्या बाटलीत गेला. भाताच्या शितापेक्षा लहान. डॉक्टरने बाटलीवर त्याचं नाव लिहिलं. खरं नाव. ते वाचताना त्याला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं असावं.

आठ दिवसांनी अहवाल आला. डॉक्टर दारातच भेटली, हातात कागद होता. ती आधी हसली, मग बोलली. त्यासाठी मौनी तिचा जन्मभर ऋणी राहणार होता.

“काही नाही काका. घासून झालेली जखम होती, भरतेय. कॅन्सर नाही. तीन महिन्यांनी एकदा दाखवा, आणि मधे काही आलं तर तीन आठवडे मोजत बसू नका.”

बायकोने पदर तोंडाला लावला. मौनीला आनंद झाला नाही.  तो प्रतीक्षेच्या बाकावर बसला आणि खाली वाकला. मग रडू आलं, आवाज न करता.

शेजारी एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर रुमाल दाबलेला. तो एकटाच होता. त्याने मौनीच्या हातातल्या अहवालाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. रुमाल न काढता विचारलं,

“तुमचं किती दिवसांचं होतं?”

“बावीस. आलो तेव्हा.”

“माझं चार महिने झाले.” माणूस थांबला. “पण दुखत नाही हो. अजिबात.”

मौनीने त्याच्याकडे वळून बघितलं.  माणूस त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी वाचायचा प्रयत्न करत होता. मौनीने मान फिरवली नाही.

“चला ना,” बायको हळूच म्हणाली. “झालं ना आपलं.”

“थांब जरा,” मौनी म्हणाला. “यांचा नंबर येऊ दे.”

तो बाकावर सरकला आणि त्या माणसाच्या शेजारी बसून राहिला.